मदत हवी आहे: चामखिळी काढल्यावर जखम सुकत नाहीये (ठाणे)

कासारवडवली_नवा
नमस्कार. विषय खाजगी आहे म्हणून नवीन आयडी घेतला आहे. चामखिळी काढून घेतल्या, दुसरा आठवडा चालू आहे, तरी जखम ओलीच. वर पिवळट थर येतो, तो चड्डीला चिकटतो आणि सोडवताना डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारशिवाय भेटणार नाहीत. रोज घोडबंदर रोडवरून बाइकने रबाळ्याला जातो, सुट्टी मिळत नाही. लवकर सुकायला काय लावू? टाल्कम पावडर चालेल का? माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

शुभांगी_पी
माझ्या मानेवर होती. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला, आपोआप गळली. डॉक्टरकडे गेलेच नाही.

राजन_कोपरी
चड्डीला चिकटते म्हणतायत, म्हणजे मानेवरची नाही. नक्की कुठे? कशाने काढल्या, कॉटरी (विजेने जाळून), लेझर की नायट्रोजनने गोठवून? शुगर आहे का?

कासारवडवली_नवा
लिंगावर, पुढच्या कातडीच्या कडेला. कॉटरी. शुगर कधी तपासली नाही, वय ३४. काय लावू ते सांगा ना.

शुभांगी_पी
अरे देवा. मग केस-बिस अजिबात बांधू नका, मी मानेचं सांगत होते.

अनंतकाका
जाळून काही होत नाही, मूळ आत राहतं. होमिओपॅथीचं थुजा २०० चालू करा. जखमेवर हळद आणि खोबरेल तेल. आमच्या घरात कुठलीही जखम अशीच भरते.

सिस्टर_ऐरोली
काका, त्या नाजूक कातडीवर हळद घालायला सांगू नका. कण जखमेत बसतात आणि खालची लाली वाढतेय की नाही तेच दिसत नाही. माझी सगळी नोकरी स्किन ओपीडीत ड्रेसिंग करण्यात गेली, त्यामुळे कळकळीने लिहितेय.

कासारवडवली, कॉटरीची जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात. पातळ पिवळट थर आणि थोडं पाणी म्हणजे पू नव्हे, जखम भरतानाच तो येतो. खरवडू नका. पावडर नको, तिचे गोळे होऊन जखमेत अडकतात. डेटॉल, स्पिरिट, पेरॉक्साइड काही नको, नवी येणारी कातडी त्याने भाजते.

दिवसातून दोनदा कोमट साध्या पाण्याने धुवा, स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर गॉजचा तुकडा, म्हणजे कापड चिकटणार नाही. चिकटलंच तर ओढू नका. चड्डीसकट कोमट पाण्याच्या टबात बसा, मग सुटतं. लघवीला आग होत असेल तर त्याच वेळी मगाने पाणी ओतत राहा. सुती सैल चड्डी घाला. तिथले केस रेझरने काढू नका, चामखिळीचा विषाणू बाजूच्या कातडीत पसरतो.

आणि हे विसरू नका: कातडी मागे घेऊन धुतलीत तर धुऊन झाल्यावर ती परत पुढे आणा. मागे अडकून सूज आली तर तडक कॅज्युअल्टी, सोमवारची वाट बघायची नाही.

आत्ता काय लावताय?

कासारवडवली_नवा
डॉक्टरांनी मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम दिलं होतं, संपलं. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल लिहिलंय. लावल्यावर आग कमी होते.

सिस्टर_ऐरोली
आज, आत्ता बंद करा! क्लोबेटासोल हे खूप तीव्र स्टेरॉइड. आग कमी होते म्हणून बरं वाटतं, पण जखम भरणं लांबतं आणि इन्फेक्शन झालं तर झाकलं जातं. निओमायसिनची अ‍ॅलर्जीही बऱ्याच जणांना असते.

राजन_कोपरी
+१. माझी जखम भरली नाही ती शुगरमुळे, आणि शुगर आहे हे त्या जखमेमुळेच कळलं. उपाशीपोटीची तपासा.

अनंतकाका
लग्न झालंय का? हे असं कुठून आलं याचाही विचार करावा माणसाने.

सिस्टर_ऐरोली
काका, त्यांनी जखमेचं विचारलंय. तरी लिहिते, कारण या एका शंकेने ओपीडीत नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झालेले पाहिलेत. गुप्तांगावरच्या दहातल्या नऊ चामखिळी एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. लागण झाल्यावर महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं काहीच दिसत नाही. कुणाकडून कुणाला आलं हे चामखीळ बघून सांगता येत नाही.

निखिल_जी
एचपीव्हीची लस घेऊन टाका, विषय संपेल. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, ६, ११, १६, १८ चारही प्रकार त्यात आहेत.

सिस्टर_ऐरोली
लस चांगलीच आहे, पण पुढच्या लागणीसाठी. आहे ती चामखीळ किंवा जखम तिने बरी होत नाही.

निखिल_जी
बरं. बाइक मात्र सोडा काही दिवस. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडा, रबाळे ऐरोलीच्या पुढचंच स्टेशन.

राजन_कोपरी
कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला पोचेपर्यंत माणूस बाइकने रबाळ्याला पोचतो हो. मेट्रोचे खांब बघत किती वर्षं काढली आम्ही.

निखिल_जी
लवकर निघालं तर बस मिळते. घासलं जाण्यापेक्षा बरं.

सिस्टर_ऐरोली
रस्त्याचं नंतर. ताप, घाण वास, घट्ट पू, पसरत जाणारी लाली, वाढती ठणक, लघवी अडणं, किंवा दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं रक्त, यातलं काही आहे का? असेल तर सोमवार विसरा. कळव्याच्या महापालिका हॉस्पिटलात स्किन ओपीडी आहे. सरकारी हॉस्पिटलांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची तपासणी फुकट होते. कुठे जायचं ते १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं, तोही फुकट.

कासारवडवली_नवा
यातलं काही नव्हतं, पण धीर निघेना म्हणून कळव्याला जाऊन आलो. इन्फेक्शन नाही म्हणाले. ट्यूब बंद, नुसती जेली. साखर, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) करायला सांगितलंय. कापड आता चिकटत नाही, निम्मा त्रास तिथेच गेला. सिस्टर, बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. सांगावंच लागेल का?

सिस्टर_ऐरोली
हो, सांगा. तुम्ही सांगितलंत तर ती तपासून घेईल, नाहीतर तिच्या चामखिळी वाढेपर्यंत कुणाला कळणार नाही. ६ आणि ११ हे कॅन्सर करणारे प्रकार नव्हेत, हे तिला आधी सांगा, घाबरणार नाही. गर्भाशयमुखाची तपासणी तिशीनंतर प्रत्येकीने करायचीच असते, ती या निमित्ताने होऊन जाईल. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. नंतर काही महिने कंडोम वापरा. त्याने धोका कमी होतो, झाकल्या न गेलेल्या कातडीतून लागण होऊ शकते. आणि पहिले तीन महिने आंघोळीच्या वेळी नीट बघत जा, चामखिळी परत येतात त्या बहुधा याच काळात. बारीक असतानाच दाखवलीत तर एवढी मोठी जखम होणार नाही.

शुभांगी_पी
सिस्टर, मानेवर माझ्या परत एक आलीये. तीही दाखवायला हवी का?