मधुमकरंदगड: घोणसपूरपर्यंत गाडी न्यावी, की खाली चतुर्बेटलाच लावावी?

पुणे_३०:
गेल्या रविवारी महाबळेश्वराजवळच्या मधुमकरंदगडला जाऊन आलो. वाडा-कुंभरोशी, पार, चतुर्बेट इथवर काही अडचण नाही. पुढे घोणसपूर गावाला चढणारा कच्चा रस्ता मात्र झाडीतला, लाल मातीचा. आम्ही गाडी चतुर्बेटला लावून चालायला लागलो. तीन गाड्या धुरळा उडवत पुढे गेल्या, चौथी एका वळणावर भेटली. बंपर निखळलेला, आत कोणी नाही, सगळे मागून ढकलतायत. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचं 'येता जावली, जाता गोवली' (याल खरे, पण जाताना अडकाल) आठवलं!

गड चार हजार फुटांवर, आणि घोणसपूर जवळजवळ त्याच्या खांद्यावर. तिथवर गाडीनं गेलात की उरतो तासाभराचा चढ. त्यासाठी पुण्याहून यायचं? गाड्या खालीच राहाव्यात, असं माझं स्पष्ट मत.

लो_गिअर:
साफ असहमत. फसली ती गाडी नव्हे, चालवणारा. अशा रस्त्यावर लोक चाकोरीत चाकं घालतात आणि मधल्या उंचवट्यावर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर आपटून घेतात. एका बाजूचं चाक त्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या टणक जमिनीवर ठेवलं तर साधी गाडीही निघते. (दरीकडची कड मात्र आधी उतरून, पाय आपटून बघावी.) खरी परीक्षा उतरताना. पहिला गिअर टाकून इंजिनावर गाडी धरायची. ब्रेक दाबत उतरलात तर ते तापतात आणि हवे तेव्हा लागत नाहीत. समोरून कोणी चढत असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना चाकं फिरतात आणि खडी उडते.

आणि माझ्या आईचं काय? वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले. तिला गड नकोय, घोणसपूरच्या मल्लिकार्जुनाचं दर्शन हवंय. तिला चतुर्बेटला बसवून ठेवू?

जावळीकर:
दोघंही पाहुण्यासारखे बोलताय. मी त्याच खोऱ्यातला. रस्ता ट्रेकसाठी नाही हो, रेशन, सिलिंडर आणि आजारी माणूस यांच्यासाठी आहे. पूर्वी आजाऱ्याला झोळीत घालून उतरवायचे. झोळीच्या बांबूखाली ज्याचा खांदा सोलवटला त्याला 'गाड्या खालीच राहाव्यात' ऐकवून बघा.

पण लो_गिअर, तुमच्या मंडळींवरही राग आहे. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडेही काही कमी नाही. ऑक्टोबरात माती आतून ओलीच असते. तेव्हाच रुंद टायरवाले येतात, मजा म्हणून चाकं फिरवतात. चाकोरी वीतभर खोल गेली की पुढच्या पावसाचं पाणी गटार सोडून तिच्यातूनच धावतं आणि रस्त्याचा ओढा होतो. मग दगड-मुरूम कोण टाकतं? आम्ही. तुमचा व्हिडिओ तेव्हा घरी पोचलेला असतो.

लो_गिअर:
चाकं फिरवणारे माझी मंडळी नाहीत. पण ओल्या मातीचा मुद्दा मान्य. डिसेंबरच्या आत येऊ नये.

पुणे_३०:
झोळीचं वाचून ओशाळलो. गावाच्या गाड्यांना माझा विरोध कधीच नव्हता. भीती वेगळी आहे. हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईपर्यंत रस्ता झाला आणि गडावर शनिवारी तंबूंची जत्रा भरायला लागली. आम्ही टोलारखिंडीतून घाम गाळत जायचो तेव्हा रात्री देवळापाशी शांतता असायची. मकरंदगडाचंही तेच होणार का?

जावळीकर:
जत्रा वाईटच. पण पाचनईत आज ट्रेकरांना जेवू घालून घरं चालतात, तेही लिहा की. तुमच्या शांततेसाठी आम्ही किती वर्षं धूळ खायची?

सुपारी_कात:
या वादात एक राहिलं. नवख्यांनी निघण्याआधी स्टेपनीतली हवा बघा. आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या, नाहीतर भुसभुशीत मातीत जॅकच आत जातो आणि गाडी तिथल्या तिथे. माझी गेलीय. दोन तास सपाट दगड शोधत होतो, फोनला रेंज नाही, आणि बायको एक शब्द बोलत नव्हती. ते जास्त भयंकर.

पुणे_३०:
😄 तरी चालत जा म्हणतोय ते उगाच नाही.

लो_गिअर:
जावळीकर, सरळ विचारतो. स्वतःची गाडी न घालता आईला वर नेता येईल का?

जावळीकर:
येईल. चतुर्बेटला चौकशी करा, वर जाणारी जीप मिळते का ते बघा. चालवणाऱ्याला रस्त्यातला दगड न् दगड पाठ असतो. भाडं आधी ठरवा. आईंना पुढे बसवा, आणि तुम्ही मागे मांडीवर सिलिंडर घ्यायची तयारी ठेवा.

लो_गिअर:
सिलिंडर चालेल. आईला विचारतो.