मदत हवी आहे: आश्रयार्थींच्या कामाच्या हक्काचं निवेदन

नमस्कार मंडळी. आश्रयाचा अर्ज निकाली निघेपर्यंत माणसाला काम करू द्यावं, अशी मागणी करणारं निवेदन आम्ही काही जण लोकप्रतिनिधींसाठी लिहितोय. मसुदा एका जागी अडलाय.

१९५१ च्या निर्वासित करारातलं कलम १७ नोकरीच्या हक्काबद्दल आहे, पण ते देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या निर्वासितांपुरतं. ज्याचा अर्ज पडून आहे तो यात बसत नाही, असा अर्थ अनेक सरकारं लावतात. मग जीव मुठीत घेऊन आलेला माणूस महिनोन् महिने रिकामा बसतो, नाहीतर चोरून राबतो आणि मजुरी बुडाली तरी तक्रार करायला घाबरतो. ही गोष्ट मला जिव्हारी लागते.

आधाराला युरोपीय संघाचं उदाहरण घेतलंय. निर्णयाला उशीर अर्जदारामुळे झाला नसेल, तर कामाची परवानगी देण्यासाठी संघाच्या २०१३ च्या निर्देशात (सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या नियमांत) कमाल ९ महिने होते, २०२४ च्या निर्देशात ६.

आता प्रश्न. ‘कामाला परवानगी दिली तर खोटे अर्ज वाढतील’ या आक्षेपाला तुम्ही कसं उत्तर दिलंत? काम मिळालं तर ही माणसं कर भरतील आणि देशाला मनुष्यबळ मिळेल, हा मुद्दा आधी मांडावा का? तो पटकन पटतो, पण त्यामुळे म्हातारे, आजारी माणसं मागे पडतील अशी भीती वाटते.

आणखी एक. अर्जदारांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत द्यायचे आहेत. नाव बदललं तरी गाव, तारीख, प्रवासाचा मार्ग यांवरून ओळख पटते आणि मायदेशातले नातेवाईक अडचणीत येतात. अशी निवेदनं कुणी केली असतील, तर कोणते तपशील गाळलेत ते सांगाल का?