मदत हवी आहे: आउटबोर्डचा रिव्हर्स सुटतो, रेस अडकते. दोष केबलचा, पेटीचा की खालच्या गिअरबॉक्सचा?

नमस्कार मंडळी,

आमची फायबरची होडी गोव्यात शापोरा नदीत असते. सीझनला थोरला भाऊ तिच्यातून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, मोटारीची देखभाल माझ्याकडे. ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटार आहे. कठड्याला रिमोट कंट्रोलची पेटी, एकच दांडा, आणि पेटीतून दोन केबली मागे मोटारीपर्यंत गेलेल्या: एक गिअरची, एक रेसची. पॉवर टिल्ट नाही, मोटार हातानेच उचलायची.

पावसाळ्यात होडी वर काढली होती, तेव्हा कूलिंग पंपाचा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) बदलून घेतला. होडी पुन्हा पाण्यात उतरवल्यापासून गिअर नीट नाही. रिव्हर्स टाकला की पकडतो, पण जरा रेस वाढवली की 'खर्रर्र' आवाज करून सुटतो. पुढचा गिअर मात्र झकास. शिवाय दांडा न्यूट्रलच्या खाचेत असताना पंखा (प्रोपेलर) पूर्ण थांबत नाही, होडी अगदी हळू पुढे सरकत राहते. तिसरी गोष्ट रेसची. वेगात येऊन दांडा न्यूट्रलला आणला तरी मोटार काही वेळ वरच्याच सुरात राहते, दांडा थोडा मागेपुढे हलवला की मग उतरते.

हे नुसतं गैरसोयीचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. ओहोटीला नदीच्या मुखाकडे पाण्याची ओढ जबर असते. जेट्टीला लागताना आजूबाजूला दुसऱ्या होड्यांचे दोर, होडीत लहान मुलं, आणि होडीला ब्रेक म्हणावा तर तो रिव्हर्सच. त्याच क्षणी गिअर सुटला तर काय होईल याची मला खरोखर धास्ती वाटते. म्हणून सध्या फेऱ्या बंद ठेवल्या आहेत, भाऊही त्याला तयार आहे.

मला जेवढं समजलंय ते सांगतो, चुकत असेल तर सुधारा. या केबली सायकलच्या ब्रेकसारख्या फक्त ओढणाऱ्या नाहीत, आतली तार ओढतेही आणि ढकलतेही. दांडा न्यूट्रलपासून साधारण ३५ अंश सरकेपर्यंत फक्त गिअरची केबल हलते, तिथे एक खाच लागते आणि त्यापुढे रेसची केबल चालू होते. म्हणजे गिअर अर्धवट बसलेला असतानाच रेस उघडत असेल तर तो सुटणारच, असा माझा तर्क.

एका फिटरने दोन्ही केबली बदलायला सांगितल्या आहेत. पैसे घालायला ना नाही, पण दोष दुसरीकडे असेल तर नव्या केबली टाकूनही तेच व्हायचं. तर प्रश्न असे: केबल खराब आहे की नुसती जुळवणी बिघडली आहे हे कसं ओळखायचं? आधी कुठली केबल जुळवायची? आणि इंपेलर बदलण्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

दर्याकाठ:
आधी एक उलटा प्रश्न. गिअर सुटतो की मोटारच वर उचलली जाते? हाताने उचलायच्या मोटारींना रिव्हर्स लॉकचा आकडा असतो. रिव्हर्समध्ये पंखा मोटारीला मागे आणि वर ढकलतो, तेव्हा तो आकडा खालची दांडी धरून ठेवतो. आकडा गंजला किंवा त्याची कडी नीट जोडलेली नसली तर मोटार वर येते, पंखा हवा खातो आणि एकदम मोकळी रेस ऐकू येते. दांडा धरणाऱ्याला वाटतं गिअर सुटला.

धागाकर्ता:
चांगला मुद्दा. आज भावाला दांड्यावर बसवून मी मागे उभा राहून पाहिलं. मोटार जागची हलत नाही, आकडा व्यवस्थित धरतो. आवाज खालूनच येतो, गिअरचे दात एकमेकांवरून घसरल्यासारखा.

पाना-पक्कड:
मग तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, तिथूनच सुरू करतो. इंपेलर बदलायला मोटारीचा खालचा भाग उतरवावा लागतो. तो उतरवताना गिअरची उभी सळई मध्ये सोडवावी लागते. काही मोटारींत ती सळई पेचाच्या नटाने जोडलेली असते, खाली-वर फिरवून लांबी कमीजास्त होते आणि चेकनटाने, म्हणजे पहिला नट फिरू नये म्हणून आवळायच्या दुसऱ्या नटाने, बांधतात. परत बसवताना नट दोन-चार आटे इकडेतिकडे झाला, की वर न्यूट्रल दिसतं आणि खाली गिअर पुढच्या बाजूला झुकलेला राहतो. न्यूट्रलला होडी पुढे सरकणं, पुढचा गिअर झकास आणि रिव्हर्स अर्धवट, ही तिन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात.

खाली काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही गिअरचाकं मोटार चालू असताना सतत उलटसुलट फिरत असतात. त्यांच्यामध्ये पंख्याच्या शाफ्टवर दातांचा क्लच सरकतो आणि ज्याला चिकटेल त्या दिशेला पंखा फिरतो. हे दात पूर्ण खोल बसायला हवेत. टोकाटोकाला धरले की जोर आल्यावर घसरतात, आणि प्रत्येक घसरणीला त्यांची धार गोल होत जाते. म्हणून आता 'बघू किती वेळा सुटतो' असं करत रिव्हर्स मारू नका. गिअर टाकतानाही हळूहळू चाचपत नाही टाकायचा, रेस पूर्ण खाली असताना एका झटक्यात टाकायचा.

तपासणी मोटार बंद ठेवून करा. किल स्विचची (मोटार झटकन बंद करायच्या बटणाची) दोरी काढा, प्लगच्या टोप्या काढून ठेवा, कारण पंखा हाताने फिरवायचा आहे. कव्हर उघडा, गिअरची केबल मोटारीकडच्या पिनेवरून सोडवा आणि मोटारीवरचा गिअरचा लिव्हर हातानेच त्याच्या न्यूट्रलच्या खाचेत बसवा. पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरायला हवा. घासत असेल किंवा एका बाजूला अडकत असेल तर केबल निर्दोष, सळईची जोडणी बघा. मोकळा फिरत असेल तर सळई ठीक, जुळवणी केबलची. गिअर टाकून बघताना दुसऱ्या माणसाने पंखा हळू फिरवत राहायचं. मोटार बंद असताना दात समोरासमोर आले तर गिअर बसत नाही, आणि जोर लावला तर कड्या वाकतात.

केबलची तब्येत वेगळी बघायची. रेसची केबलही मोटारीकडून सोडा आणि दांडा हलवा. तरी जड लागतो? मग पेटीकडूनही सोडा आणि केबल मोकळी हातात घेऊन तार सरकवून बघा. जड असेल तर बदला, तेल-ग्रीस घालून ती सुधारत नाही. खाऱ्या पाण्याने आतली तार गंजली की वरचं आवरण आतून फुगतं. केबल हलकी आणि दांडाच जड असेल तर दोष पेटीत. पेटीला रेस घट्ट-सैल करायचा एक स्क्रू असतो, तो कुणी आवळून ठेवलाय का तेही बघा.

जुळवणी नेहमी गिअरची आधी, रेसची नंतर. पेटी न्यूट्रलला, मोटारीचा लिव्हर न्यूट्रलला. केबलच्या टोकाला बोटाने ओढून आणि ढकलून जो प्ले (मोकळी हालचाल) मिळतो त्याच्या बरोबर मध्यावर टोक ठेवा आणि टोकावरचा पेचाचा जॉइंट फिरवत त्याचं भोक पिनेसमोर आणा. पिनेवर तो अलगद सरकला पाहिजे, ओढून बसवलात तर चूक. जॉइंट केबलच्या पेचावर किमान ८ मिमी चढलेला हवा, यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसा ठळक इशारा आहे. कमी आट्यांवर राहिला तर भर पाण्यात निसटेल. चेकनट आवळा, क्लिप लावा, मग पुढे आणि मागे दोन्ही गिअर पूर्ण बसतात का बघा.

रेसला दांडा न्यूट्रलला ठेवून मोटारीवरचा रेसचा लिव्हर बंदच्या थांब्याला टेकलेला हवा. त्या स्थितीत जॉइंट जुळवा. मग दांडा पूर्ण पुढे नेल्यावर लिव्हर उघड्याच्या थांब्यापर्यंत जातो ना, ते पाहा. आरपीएम जास्त दिसतात म्हणून आधी कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. बऱ्याच टू-स्ट्रोकमध्ये त्याच कड्यांवर इग्निशनचं टायमिंगही पुढेमागे होतं, म्हणजे केबल चुकली की दोन्ही चुकतात.

दर्याकाठ:
याला एक जोड. मोटार पाण्यात, न्यूट्रलला चालू ठेवून सुकाणू डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. आरपीएम बदलले तर केबल तोकडी आहे किंवा कुठेतरी पट्टीखाली दाबली आहे. जुळवणी कितीही नीट केली तरी वळताना ती बिघडणार.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

गिअरची केबल सोडली, लिव्हर खाचेत बसवला, तरी पंखा एका बाजूला अडकत होता. म्हणजे सळईच. खालच्या जोडाचा चेकनट हाताने फिरत होता, इतका सैल. नट फिरवत गेलो, तसा पंखा आधी घासत, मग दोन्हीकडे मोकळा फिरायला लागला. तिथे बांधून टाकला. त्यानंतर केबलही जुळवली, तिला फार काही करावं लागलं नाही, गिअरची केबल उत्तम आहे. न्यूट्रलला होडी आता जागच्या जागी राहते.

रेसची केबल मात्र खरंच गेली आहे. मागच्या फळीतून बाहेर येते तिथे आवरणाला बारीक चीर आहे आणि बोटाने चाचपलं तर तो भाग फुगलेला लागतो. तिथेच ती एकदम आवळून वळवलेली होती. सुकाणूच्या चाचणीतही डावीकडे फिरवलं की मोटार सूर बदलते. ती एकच बदलतो. लांबी कशी धरायची? जुन्याएवढीच घेऊ का?

आणि रिव्हर्स हलक्या रेसला नीट धरतोय. जोर अजून दिलेला नाही.

पाना-पक्कड:
जुनी तोकडी पडत होती, तेव्हा तेवढीच नको. पेटीपासून कठड्याच्या कडेने मोटारीपर्यंत दोर टाकून मापा. मोटार दोन्हीकडे पूर्ण वळली आणि पूर्ण उचलली तरी ताण येणार नाही एवढा झोल मागे सोडा. कुठेही वळण ८ इंचांच्या त्रिज्येपेक्षा आवळ नको. उगाच लांबही घेऊ नका, जितकी वळणं जास्त तितका प्ले वाढतो. नवी केबल घेताना जुनी सोबत न्या, टोकांचे प्रकार वेगवेगळे असतात.

रिव्हर्सची परीक्षा होडी जेट्टीला पक्की बांधून घ्या, दोर नाळेकडून, आत प्रवासी कुणी नाही. रेस थोडी थोडी वाढवत न्या. धरून राहिला तर काम झालं. सुटला तर तिथेच थांबा आणि गिअरचं तेल काढून बघा. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटांत चोळा. काळी मऊ पूड नेहमीची असते, टोचणारे कण असतील तर दातांची धार गेली आहे आणि गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय, तेही त्याच वेळी करून घ्या. तोवर फेऱ्या बंद ठेवल्यात तशाच ठेवा.

धागाकर्ता:
म्हापशाहून केबल आणतो आणि दोर बांधून चाचणी घेतो. तेल तर सुटो न सुटो, काढून बघणारच आहे. इंपेलर बदलताना ते बदललं होतं की नाही याची मला खात्री नाही.