मदत हवी आहे : चित्रदालनातल्या नाताळ मैफलीसाठी हार्पचा क्रम आणि प्रकाश

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या एका दालनात व्हिक्टोरियन जलरंगांसमोर ४५ मिनिटांचं हार्पवादन ठरतंय. वाद्य ३४ तारांचं, लिव्हरचं (लिव्हर चढवला की त्या तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढतो), ई-फ्लॅट मेजर पट्टीत जुळवलेलं. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं, क्रम. ई-फ्लॅट, बी-फ्लॅट, एफ, सी, जी अशा मेजर पट्ट्यांनी गेलं तर दर वेळी एकाच स्वराचे लिव्हर चढवावे लागतात: अनुक्रमे ए, ई, बी, एफ. म्हणजे फार तर पाचेक. पण ई-फ्लॅटनंतर थेट ई मायनरचं कॅरोल (नाताळचं गाणं) घेतलं, तर चारही स्वर सगळ्या सप्तकांत बदलायचे. वीसेक लिव्हर, आणि एखादा हमखास राहतो. वर डी-शार्पसाठी डीचा लिव्हर मध्येच वर-खाली. ते कॅरोल शेवटी ठेवावं की सूर बदलून सी मायनरमध्ये घ्यावं? गाणाऱ्यांना ते खाली जाईल, ही शंका आहे.

दुसरं, प्रकाश. जलरंगांसाठी ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा, मेणबत्त्या अर्थातच नाहीत. स्टँडवरचा छोटा एलईडी चित्रांच्या काचेवर चमकतो. कोणी झाकण किंवा वेगळा कोन वापरलाय का?

शिवाय गट स्ट्रिंग, म्हणजे आतड्याच्या तारा, गर्दीच्या उबेने आणि दमटपणाने उतरतात-चढतात. वाद्य किती वेळ आधी दालनात ठेवता? मध्यंतरात पुन्हा जुळवता?

आणि हो, खरोखर व्हिक्टोरियन चालीच हव्यात. क्रिस्टिना रोझेटीची हिवाळ्यावरची कविता १८७२ची, पण होल्स्टची चाल १९०६ची, व्हिक्टोरिया राणीच्या काळानंतरची, म्हणून ती बाद!