सॉस फाटतो, कारण फ्रेश क्रीम

एका ताईंनी विचारलंय की हॅम-बटाट्याच्या कॅसरोलमध्ये (म्हणजे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थात) सॉस फाटून पाणी सुटतं आणि बटाटा मात्र कचकच लागतो. आमच्याकडे वेंगुर्ल्यात पहिल्यांदा केला तेव्हा अगदी हेच झालं होतं.

डब्यातल्या फ्रेश क्रीमला फॅट साधारण 25 टक्के, ते तासभर उकळलं की फाटणारच. त्यापेक्षा सरळ व्हाइट सॉस करा. एक किलो बटाट्याच्या दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जाड चकत्या करायच्या, पण त्या धुवायच्या नाहीत! स्टार्च वाहून जातो. पाऊण लिटर दुधात त्या मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, तळाला लागू देऊ नका. सुरी टोचली तर शिरावी, पण चकती मोडू नये. मग त्या निथळून त्याच दुधाचा सॉस: 30 ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा. मैद्याचा कच्चा वास गेला की दूध थोडं थोडं ओतत घोटा. वर वाडीतलं जायफळ किसून.

मीठ घालूच नका. हॅम मुळातच खारट असतं. आम्ही गोव्याहून आणतो, 200 ग्रॅम पुरतं.

थर लावून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 180 अंशांवर 35 मिनिटं. पावसात मध्येच लाइट गेली तर झाकण लावून जाड तव्यावर मंद गॅसवर ठेवा. वरून लाल होत नाही, पण आमच्या पोरांनी टोपाला लागलेली खरपूडसुद्धा खरवडून खाल्ली.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, सॉस तेव्हाच आळतो.