पुण्यात भाड्याचा रिकामा वन-बीएचके लावायचाय : जुनं काय घ्यावं, काय अजिबात नको?

दोनखणी

सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर वन-बीएचके, अकरा महिन्यांचा करार. फ्लॅटमध्ये ट्यूबलाइट आणि दोन पंखे, बाकी भिंती. माणसं दोन, दोघंही नोकरीवाली, स्वयंपाक घरीच. शेगडी, सिलिंडर, मिक्सर आहे. फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, कपाट, पलंग-गादी आणि भांडी घ्यायची आहेत. बजेट टेम्पो-हमाली धरून तीस हजार, म्हणजे बरंचसं सेकंडहॅंडच. पाणी सकाळी दोन तास, प्रेशर बेताचं.

विचारायचंय ते असं : मेकॅनिक बरोबर न नेता जुना फ्रिज कसा तपासायचा? लाकडी सामानातून ढेकूण येतात त्याचं काय? आणि जुन्या बाजारात गंजलेले बिडाचे तवे मिळतात, ते वापरण्याजोगे होतात का?

कानस

फ्रिजचं आधी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की फ्रिज रात्रभर बंद करून, दार किलकिलं ठेवा, आम्ही आल्यावर चालू करू. आधीच गार असलेला फ्रिज काहीच सांगत नाही. चांगला तासभर काढून जा.

चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही बाजूंचे पत्रे कोमट लागायला हवेत (जुन्या मॉडेलला मागची काळी जाळी). तासाभरात फ्रीजरच्या आतल्या भिंतींवर सगळीकडे सारखं पांढरं दव धरायला हवं. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी भाग कोरडा असेल तर गॅस कमी आहे. गॅस आपोआप संपत नाही, कुठेतरी गळती असते. ती न शोधता नुसता गॅस भरून दिला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. 'आत्ताच गॅस भरलाय' असं विकणारा कौतुकाने सांगत असेल तर तो फ्रिज सोडून द्या.

दर तीन-चार मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज येतो पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, असं झालं तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) गेलेला असू शकतो, ते किरकोळ काम आहे. पण कॉम्प्रेसरही गेलेला असू शकतो, आणि बाहेरून फरक कळत नाही. पैज लावू नका.

फ्रीजरमध्ये टॉर्च मारून बघा. सुरीने बर्फ खरवडल्याच्या रेघा किंवा एम-सीलचा ठिपका दिसला तर विषय संपला. आतली नळी ॲल्युमिनियमची असते, सुरीचं टोक लागलं की भोक पडतं.

दाराचं रबर : दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना नोट अडली पाहिजे. बिजागरीच्या बाजूला रबर चुरगळलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरलं की बहुतेकदा सरळ होतं, तेवढ्यासाठी नाकारू नका.

मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा वायू आहे, दुरुस्तीला त्याची सवय असलेलाच माणूस हवा. टेम्पोत फ्रिज उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून निदान चार तास प्लग लावू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो.

फ्यूजगेला

कानस यांचं सगळं मान्य, तरी दोन माणसांना फ्रिज नवाच घ्या असं मी म्हणेन. सिंगल डोअर, १८०-१९० लिटर. जुना घ्यायचाच तर स्टार लेबल बघा, त्यावर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. पण नुसते तारे मोजू नका. निकष मध्येमध्ये कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे म्हणजे आजचे पाच नव्हेत.

मशीन मात्र जुनं चालेल, आणि तुमच्या पाण्याच्या वेळा बघता सेमी-ऑटोमॅटिकच घ्या. फुल्ली ऑटोमॅटिकला नळाचं प्रेशर लागतं, सेमीत बादलीने पाणी ओतून काम होतं. तपासताना :

पाणी खुणेपर्यंत भरा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. पातळी उतरली तर ड्रेनचा व्हॉल्व्ह गळतोय. मग धुण्याचा टायमर लावा, खालची चकती दोन्ही दिशांना फिरली पाहिजे. एकाच बाजूला फिरत असेल तर बहुधा टायमर गेलाय. नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर फिरते, तर कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा) गेलाय. तो स्वस्त असतो, तेवढे पैसे कापून घ्या.

स्पिनरमध्ये एक ओला टॉवेल घालून फिरवा, रिकामा फिरवून काही कळत नाही. फिरताना झाकण उघडलं की काही सेकंदांत ब्रेक लागून थांबलाच पाहिजे. शेवटी मशीन वाकडं करून स्पिनच्या मोटरवर बघा. वरून गंजाचे ओघळ आलेले असतील तर वरचं रबर सील फाटलंय आणि पाणी थेट मोटरवर पडतंय.

जाता जाता : घरमालकाचा पंखा पाचवरही मंद फिरत असेल तर लगेच नवा नको. बहुतेक वेळा कपॅसिटर उतरलेला असतो. जुन्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड जे लिहिलंय तेच आणा. नुसतं बटण नको, मेन बंद करूनच बदला. नवा पंखा घेतलाच तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा. साधा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या. रोज बारा तास धरले तर महिन्याला २७ युनिटांच्या जागी ११. आणि घर सोडताना आपला आपल्याबरोबर, घरमालकाचा पुन्हा वर.

तुळशीबागवाली

दोनखणीताई, तवा घ्या की! मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गंजाला घाबरू नका, तड्याला घाबरा. तवा एका बोटावर टांगून चमच्याने टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर अखंड, बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. आणि मधोमध खोल खड्डे पडलेले असतील तर सोडा, तिथे धिरडं कायम चिकटणार.

घरी आणल्यावर सुका गंज तारेच्या घासणीने काढा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवा. रात्रभर ठेवू नका, आम्ल गंज संपला की बीडच खायला लागतं. साबणाने धुऊन लगेच, म्हणजे पुसून थेट गॅसवर कोरडा करा. नुसता निथळत ठेवलात तर दहा मिनिटांत पुन्हा केशरी झाक येते.

आता तेल. इथेच सगळे चुकतात : जास्त लावतात. एक चमचा जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सगळीकडे चोळा, मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू चुकून लागलं होतं. तवा सुकलेलाच दिसला पाहिजे. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, पूर्ण निवू द्या, परत तेच. चार-पाच हात झाले की काळी तुकतुकी येते. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. पहिले आठ-दहा दिवस त्यावर तेलकटच करा : थालीपीठ, घावन, कांदा परतणे. चिंच, कोकम, टोमॅटो लांब ठेवा. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच नाही, बीड तडकतं.

बाकी भांडी रविवार पेठेत बोहरी आळीत वजनावर घ्या. लोहचुंबक घेऊन जाणाऱ्यांसाठी : न चिकटणारं स्टील म्हणजे उत्तम, असं नाही. हलक्या प्रतीच्या, '२०० सिरीज' म्हणतात त्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा तळाची जाडी आणि काठ बघा. पितळी पातेली जुनी छान मिळतात, पण कल्हई लावल्याशिवाय आंबट पदार्थ घालू नका, कळकतात. कल्हईवालं भांडं रिकामं तापवायचं नाही, कथील २३२ अंशांलाच वितळतं.

प्रेशर कुकर जुना घेऊ नका. दोघांना तीन लिटर पुरतो, नवा.

दोनखणी

सगळ्यांचे आभार. फ्रिज नवा घ्यायचं ठरतंय. सोसायटीच्या ग्रुपवर एक लोखंडी कपाट आणि एक प्लायचा बॉक्स-बेड आलाय, गादीसकट. बेड 'अगदी नवा' म्हणतायत.

सुतारपक्षी

कपाट बघा, बेड सोडा.

कपाटाच्या दाराला मधोमध तळहाताने दाबा. 'डबक' करून आत गेलं तर पत्रा पातळ. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा, विकणारे उलटं सांगतात. मग तळ. फरशी पुसताना पाणी तिथेच साचतं. खालच्या पट्टीला किल्लीने टोचा : पावडर पडली तर चालेल, पापुद्रा निघाला तर नाही. वरवरचा गंज १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) एक हात आणि वर ऑइलपेंट, एवढ्यात आटोपतो. हँडल फिरवल्यावर वरची-खालची कांबी भोकात सहज गेली पाहिजे. दार पायाने उचलावं लागत असेल तर लगेच नाकारू नका, आधी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून कपाट लेव्हलला आणा. निम्म्या वेळा दोष फरशीचा असतो. लॉकरच्या दोन्ही किल्ल्या हातात घेऊनच पैसे द्या.

बॉक्स-बेड बऱ्याचदा प्लायचा नसून पार्टिकल बोर्डचा असतो. खालच्या कडा फुगल्यात का बघा. हे बोर्ड एकदा उघडून जोडता येतं, दुसऱ्यांदा स्क्रू भोकात फिरतच राहतो. अकरा महिन्यांनी तुम्हालाच तो उघडायचाय.

ढेकणांसाठी टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड न्या. सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून कार्ड फिरवा. शाईच्या टिंबांसारखे काळे डाग किंवा फिकट कातीण निघाली तर घरातसुद्धा आणू नका. फवारणीने अंडी सहसा मरत नाहीत, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी दुसरा हात लागतोच, आणि प्लायच्या पोटात औषध पोचत नाही. लोखंडी पलंगाला मात्र सांध्यांत उकळतं पाणी ओतता येतं.

गादी कुणाचीही जुनी नको. पिंजाऱ्याकडून कापसाची नवी करून घ्या, सिंगलला आठ-दहा किलो कापूस पुरतो. दोन सिंगल शेजारी टाका, उन्हात न्यायला आणि जिन्यातून वळवायला डबलपेक्षा सोप्या. जमिनीवर घालणार असाल तर पावसाळ्यात रोज सकाळी उचला, नाहीतर खालून बुरशी धरते.

टेम्पो ठरवताना 'चौथा मजला' आधीच सांगा आणि कपाट लिफ्टमध्ये मावतं का ते टेप लावून मोजा. कपाट साडेसहा फुटांचं असतं, लिफ्टचं दार बरेचदा त्याहून जरा कमीच भरतं.