जमार्कस रसेल : पोरगं वाया गेलं का टीमनं घालवलं?

हरभटरोडवाला

मंडळी एक विचारायचं होतं. माझा चुलतभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याच्या नादानं मलापण एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा किडा चावलाय. रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला मॅच चालू होते आणि सोमवारी दुकान उघडताना डोळे मिटायला लागतात, घरचे म्हणतात हेल्मेट घालून ही कसली झोंबाझोंबी बघत बसतोस. असो.

एप्रिलात ड्राफ्ट जवळ आला की दरवर्षी सगळीकडं फसलेल्या पिकांच्या (शेतातल्या नव्हे, ड्राफ्टमधे उचललेल्या खेळाडूंच्या) याद्या फिरायला लागतात आणि वरच्या दोघा-तिघांत जमार्कस रसेल ठरलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखी बोली नसते, मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला कॉलेजच्या पोरांतून पहिला नंबर उचलायचा मान मिळतो. २००७ ला तो नंबर ओकलंड रेडर्सकडं होता आणि त्यांनी हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि खेळ चालवणारा माणूस, उचलला. साडेसहा फूट उंच, १२० किलोचा गडी, हात असा की गुडघ्यावर बसून ६० यार्ड बॉल फेकायचा. आणि झालं काय तर तीन सीझनमधे २५ मॅचला स्टार्ट, म्हणजे पहिल्यापासून मैदानात, त्यात ७ जिंकल्या १८ हरल्या, त्याच्या पासवर टचडाउन (गोल समजा) १८ आणि इंटरसेप्शन (समोरच्यानं मधेच झेललेले पास) २३. मे २०१० ला टीमनं सोडून दिला तेव्हा पोराचं वय २४. त्यानंतर कुठल्याच टीमकडून एकपण मॅच खेळला नाही.

त्याच ड्राफ्टमधे दोन नंबरला कॅल्विन जॉन्सन, तीनला जो थॉमस, सातला एड्रियन पीटरसन, अकराला पॅट्रिक विलिस, चौदाला डॅरेल रेव्हिस. यातले पीटरसन सोडून बाकी चौघं आत्ताच हॉल ऑफ फेममधे, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत जाऊन बसलेत.

भाऊ म्हणतो आळशी होता, विषय संपला. मला एवढं सोपं वाटत नाही. तुमचं काय मत?

कृष्णाकाठ

आळशी होता हे खोटं नाही पण तिथंच थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. आधी तो कुठल्या घरात गेला ते बघा की. २००६ चे रेडर्स, १६ मॅचपैकी २ जिंकल्या, अख्ख्या सीझनमधे १६८ पॉइंट, आणि क्वार्टरबॅकला ७२ वेळा सॅक केलेलं, म्हणजे बॉल हातात असतानाच आडवा पाडलेला. त्या वर्षी ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणारी बाजू, चालवायला ज्याला आणला होता, टॉम वॉल्श, तो कित्येक वर्षं एनएफएलमधे नव्हताच, इडाहोत बेड अँड ब्रेकफस्ट चालवत होता, आपल्याकडं होमस्टे असतो तसला प्रकार. हसू नका, खरं आहे. ही सगळी मालकाची, अल डेव्हिसची करणी. डेव्हिस म्हणजे एकेकाळचा खरा दादा माणूस, रेडर्सच्या तिन्ही सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, त्याच्याच राज्यात आल्या, पण त्याला आयुष्यभर एकच आवडलं, लांब फेका आणि पळा. त्यामुळं रसेलचा हात बघितल्यावर तो दुसरं काही बघणारच नव्हता.

आता मजा बघा, कोच नवीन आणला लेन किफिन, वय ३१, आणि त्या कोचला रसेल नकोच होता. हे मी मनानं सांगत नाही. सप्टेंबर २००८ ला किफिनला काढला तेव्हा डेव्हिसनं पत्रकारांना बोलावून चक्क ओव्हरहेड प्रोजेक्टर लावला, शाळेत असायचा तसला, आणि किफिनला लिहिलेलं पत्र भिंतीवर दाखवलं. त्यात सरळ लिहिलेलं की रसेलला घेऊ नये असं तुझं मत होतं हे मला माहीत आहे, पण तो मोठा खेळाडू आहे, तेव्हा ते सोड आणि टीमला कोचिंग कर. म्हणजे पोरगं दीड वर्ष अशा कोचच्या हाताखाली, ज्याला ते नकोय, आणि मालकाला मात्र तेच पाहिजे. घरात सासू-सासऱ्याचं पटत नसलं की नवीन सून कुणाचं ऐकणार राव.

त्यात पगारावरनं घासाघीस. करारावर सही झाली १२ सप्टेंबर २००७ ला, तोवर ट्रेनिंग कॅम्प संपून सीझनची पहिली मॅचसुद्धा झालेली. क्वार्टरबॅकला अख्खं प्लेबुक पाठ पाहिजे, समोरचा डिफेन्स कसा उभाय ते दोन सेकंदात ओळखून हाक मारायची असते, आणि याचा पहिला अख्खा उन्हाळा वाया. पहिला स्टार्ट मिळाला तो सीझनच्या शेवटच्या मॅचला. दुसऱ्या वर्षी मधेच कोच बदलला, टॉम केबल आला. एवढं होऊनही २००८ ला त्याचे १३ टचडाउन आणि ८ इंटरसेप्शन आहेत, फार वाईट नाही ते, आणि शेवटच्या मॅचला टँपा बेला ३१-२४ हरवून त्यांना प्लेऑफमधनं बाहेर काढलं. तेव्हा लोकांना वाटलेलं पोरगं मार्गाला लागलं.

२००९ ला मात्र गाडी पार दरीत. ३ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, निम्मे थ्रोसुद्धा नीट पोचत नव्हते, नोव्हेंबरात बाकावर बसवला. आणि त्याच वर्षी डेव्हिसनं पहिल्या राउंडला त्याच्यासाठी रिसिव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा, कोण घेतला तर डॅरियस हेवर्ड-बे, का तर ४० यार्ड ४.३० सेकंदात पळतो. मायकल क्रॅबट्री समोर दिसत होता, तो दहा नंबरला शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोला गेला. परत तेच, पळणं बघितलं, बॉल झेलतो का ते नाही.

मिरजेचा गोलकीपर

कृष्णाकाठ, माहिती एक नंबर पण तुम्ही पोराला फारच मऊ गादीवर बसवलंय. टीम वाईट होती मान्य. पहिला नंबर वाईट टीमलाच मिळतो ना, मग प्रत्येक पहिला पिक बुडायला पाहिजे होता. १९९८ ला पेटन मॅनिंग अशाच भंगार टीमला गेला, पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन, तो नवख्यांचा रेकॉर्ड आहे, आणि टीम ३-१३, म्हणजे ३ जिंकल्या १३ हरल्या. पुढं तो केवढा मोठा क्वार्टरबॅक झाला सगळ्यांना माहितीय. आणि दोन नंबरचा रायन लीफ, ज्याच्याबद्दल तेव्हा निम्मे लोक म्हणत होते की हाच भारी आहे, त्यानं एका मॅचला १५ पैकी १ पास पूर्ण केला, एकूण ४ यार्ड. त्याचे करिअरचे १४ टचडाउन आणि ३६ इंटरसेप्शन. दोघंही पहिल्या वर्षी मार खाल्लेलेच. मॅनिंग मार खाऊन रात्री मॅचची फिल्म बघत बसायचा, लीफ पत्रकारांवर ओरडत बसायचा.

रसेलचा तो किस्सा तर ऐकलाच असेल, कोचनी घरी अभ्यासाला डीव्हीडी दिली, दुसऱ्या दिवशी हा म्हणाला हो बघितली, आणि डीव्हीडी कोरी होती. किस्सा तिखटमीठ लावून सांगितला जातो म्हणून तो सोडून द्या. पण वजनाचं काय? २०१३ ला परत यायचा प्रयत्न केला तेव्हा ३०० पौंडांच्या वर गेलेलं वजन उतरवायला लागलं, शिकागोनं ट्रायल घेतली पण साइन नाही केला. एवढा पैसा मिळालेल्या माणसाला सकाळी उठून पळायला कोचनं सांगायला लागतंय व्हय?

मी गोलपोस्टमधे उभा राहिलेला माणूस, फुटबॉल वेगळा असला तरी एक सांगतो, मॅचच्या दिवशी सगळेच भारी दिसतात. पावसात मंगळवारच्या प्रॅक्टिसला कोण येतंय त्यावर कळतं.

आटपाडीचा आबा

मला ते हेल्मेटवालं काय कळत नाही पण हे वाचून खरसुंडीचा बाजार आठवला. खिलार खोंड बघायला गेलं की सगळी गर्दी देखण्या खोंडाभोवती, शिंगं बघा, वशिंड बघा, अंगाला कसं पाणी सुटलंय बघा, आणि बोली वर वर. जाणता म्हातारा असतो तो खोंड चालवून बघतो, जू मानेवर टेकवून बघतो बावरतंय का, आणि मालकाला विचारतो याला कुणी हाताळलंय. तुमच्या त्या अमेरिकेच्या म्हाताऱ्यानं नुसती शिंगंच बघितली म्हणायचं. पण एक आहे, चांगलं खोंडसुद्धा गड्यानं नुसतं पळवून पळवून बिघडवलं तर दोष खोंडाला द्यायचा नसतो. तेवढंच.

पेठभागातली

आबा 😂 मुद्दा सोळा आणे.

मी सांगलीची असून स्मृती मानधनाचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय. आपली माधवनगरची पोरगी, डब्ल्यूपीएलचा, म्हणजे बायकांच्या आयपीएलचा पहिलावहिला लिलाव, फेब्रुवारी २०२३, पहिलंच नाव तिचं आणि सगळ्यात महागडी, ३ कोटी ४० लाख. वर कॅप्टन. आणि तो सीझन आठवा, आरसीबी पहिल्या पाचच्या पाच मॅच हरली, तिचे ८ मॅचमधे १४९ रन. तेव्हा कमेंटमधे लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी वाचलंय, पैसे वाया, नुसती जाहिरातीपुरती वगैरे. टीमनं तिला कॅप्टन म्हणून ठेवलं, २०२४ ला कप घरी आला.

म्हणजे रसेललापण ठेवला असता तर त्यानं कप आणला असता असं नाही म्हणत मी. स्मृती त्याआधी दहा वर्षं देशासाठी खेळलेली, तिला स्वतःची बॅटिंग माहीत होती, एक वाईट सीझन पचवायला मागं काहीतरी जमा होतं. रसेलकडं मागं काय होतं, कॉलेज. जानेवारी २००७ ला शुगर बोल या कॉलेजच्या मोठ्या मॅचमधे नोटर डेमला ४१-१४ नं धुतलं, तो मॅन ऑफ द मॅच, आणि चार महिन्यांनी अख्ख्या टीमचं भवितव्य २१ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर. मिरजेचे गोलकीपर म्हणतात मॅनिंगपण तसाच होता, पण मॅनिंगचा बाप एनएफएलचा क्वार्टरबॅक होता हो, फिल्म कशी बघायची हे त्याला घरातच शिकायला मिळालं. सगळ्यांच्या घरी आर्ची मॅनिंग नसतो.

मिरजेचा गोलकीपर

आर्चीचा मुद्दा मान्य, तो मी विसरलो नव्हतो, मुद्दाम काढला नव्हता 😄 पण स्मृतीची तुलना नको, ती प्रॅक्टिस चुकवणारी नाही.

तासगावकर

एक गोष्ट सगळ्यांनी सोडली, पैसा. मी बँकेत आहे म्हणून माझं लक्ष तिकडंच जातं. रसेलचा करार ६ वर्षांचा, ६ कोटी १० लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं जवळपास अडीचशे कोटी रुपये, आणि त्यातले ३ कोटींपेक्षा जास्त डॉलर गॅरंटीड, म्हणजे खेळो न खेळो मिळणारच. एनएफएलमधे एकपण बॉल न फेकता. त्या काळात नवख्या पोरांच्या पगाराला अशी ठाम मर्यादाच नव्हती, दरवर्षी पहिला पिक मागच्या वर्षीच्यापेक्षा जास्त मागायचा. २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाखांचा करार, त्यात ५ कोटी गॅरंटीड. दहा-दहा वर्षं घाम गाळलेल्या जुन्या खेळाडूंना ते पटत नव्हतं आणि मालकांना तर नव्हतंच. मग २०११ ला मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत जो नवा करार झाला त्यात नवख्यांचा पगार पिकच्या नंबरावर बांधून टाकला. त्या वर्षीचा पहिला पिक कॅम न्यूटन, त्याला ४ वर्षांचे २ कोटी २० लाख. एका वर्षात पाऊण भाव उतरला.

याचा परिणाम काय, तर आता पिक फसला तरी टीम बुडत नाही. रसेलच्या वेळी एवढा पैसा अडकलेला की त्याला बसवून शिकवणं पण परवडेना, लोक विचारणार अडीचशे कोटींचा माणूस बाकावर का. त्याच्या दोनच वर्षं आधी एरन रॉजर्स २४ नंबरला गेला, तीन वर्षं टीमच्या जुन्या क्वार्टरबॅकच्या, ब्रेट फार्वच्या मागं बसून शिकला, कुणाला घाई नव्हती. त्याच २००५ चा पहिला पिक अलेक्स स्मिथ, त्याचं पहिलं वर्ष १ टचडाउन ११ इंटरसेप्शन, जवळपास दरवर्षी नवा ऑफेन्सचा कोच, सगळे म्हणत होते फसला. २०११ ला जिम हार्बा कोच आला आणि त्याच स्मिथला घेऊन टीम १३-३. तोच माणूस, तोच हात.

हरभटरोडवाला

तासगावकर, स्मिथचं माहीतच नव्हतं, भारी. मग आता असं होत नाही का? पगार कमी म्हणजे टीम धीर धरतात?

तासगावकर

कुठला धीर. उलट फेकून द्यायला सोपं झालंय. २०२३ चा पहिला पिक ब्राइस यंग, कॅरोलायनानं त्याच्यासाठी वरचा नंबर मिळवायला स्वतःचा चांगला रिसिव्हर डीजे मूर आणि वर ड्राफ्टचे नंबर दिले, म्हणजे पोराला बॉल फेकायला माणूसच ठेवला नाही. २०२४ ला दोन मॅच झाल्या की बाकावर. नंतर परत घेतला आणि बरा खेळला, तो भाग वेगळा. डेव्हिस २०११ ला गेला पण त्याचे भाचे-पुतणे प्रत्येक टीममधे आहेत.

कृष्णाकाठ

आणि हरभटरोडवाले, तुमच्या भावाला सांगा, त्याच ड्राफ्टमधे दोन नंबरचा सीजे स्ट्राउड त्यांच्या ह्यूस्टनला मिळाला. पहिल्या वर्षी २३ टचडाउन ५ इंटरसेप्शन, सगळे डोक्यावर घेऊन नाचले. दुसऱ्या वर्षी त्याला वाचवणारी पुढची लाइन ढासळली, ५२ वेळा सॅक झाला, आकडे २० आणि १२. तेव्हा तो काय एका उन्हाळ्यात आळशी झाला का?

हरभटरोडवाला

पाठवलं भावाला. तिकडं सकाळचे सहा वाजलेत, लगेच रिप्लाय आला, रसेलला काय म्हणायचं ते म्हणा, स्ट्राउडचं नाव काढायचं नाही.